दोनशे लिटरची हिरवळ

१२ एप्रिल २०१६च्या पहाटे मिरजेहून आलेली पाण्याची पहिली रेल्वे लातूर स्टेशनात शिरली. दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्याच्या आदल्या महिन्यात लातूरच्या जिल्हा प्रशासनाने पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावली होती, कारण टँकर भरण्याच्या जागी माणसं हातघाईवर येत होती. रेल्वे पोचली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. भांडण मैदानावरच्या गवताच्या पाण्याचं होतं. सामन्यांसाठी साठ लाख लिटर पाणी लागेल, हा आकडा तेव्हा कोर्टात आणि वर्तमानपत्रांत फिरत होता. क्रिकेट मंडळाचं म्हणणं, आम्ही पिण्याचं पाणी घेणारच नाही, प्रक्रिया केलेलं सांडपाणी आणू. कोर्टाला ते पटलं नाही.

निकाल बरोबर की भावनेच्या भरातला, यावर तेव्हा पुष्कळ शाई खर्च झाली. पण एक गोष्ट त्या चर्चेत कुठेच आली नाही. आपल्याकडच्या बहुतेक क्रिकेट मैदानांवर बर्म्युडा गवताच्या जाती असतात, आणि बर्म्युडा म्हणजे सायनोडॉन डॅक्टिलॉन, म्हणजेच आपली हरळी. गणपतीला वाहतो त्या दूर्वाही त्याच. लातूरच्या शिवारात, त्याच एप्रिलमध्ये, शेतकरी हरळी मारण्यासाठीच खोल नांगरट करून तिच्या मुळ्या उन्हात उघड्या टाकत होता. हरळी, लव्हाळा आणि कुंदा हे तिघं शेतकऱ्याचे पिढीजात वैरी. पाण्यावाचून जे मरत नाही म्हणून शेतकरी कपाळाला हात लावतो, तेच गवत पाण्यावाचून मरेल म्हणून शहरात मिनिटा-मिनिटाला नळ सोडले जातात. घरापुढच्या लॉनचा सगळा घोळ या एका विसंगतीत आहे, आणि तो सोडवायचा तर सुरुवातही इथूनच करावी लागेल.

लॉन ही आपल्याकडे आता केवळ बंगलेवाल्यांची हौस राहिलेली नाही. तालुक्याच्या गावी जा, हमरस्त्याला दर दोन-तीन किलोमीटरवर एक ‘अमुक लॉन्स’ असतं आणि लग्नपत्रिकेवर तेच छापलेलं असतं. शहराबाहेर एनए प्लॉट पाडून रो-हाऊस उभी राहतात. त्यांच्या माहितीपत्रकात घरापुढे एक हिरवा चौकोन रंगवलेला असतो. मुळशी, भोर, पानशेतकडे शनिवार-रविवारची घरं होतात. चित्रातला चौकोन हिरवा म्हणून मालकालाही तो बारा महिने हिरवाच हवा असतो. सोलापूर, बीड किंवा संभाजीनगरात हा हट्ट कसा पुरवायचा, हे चित्र काढणाऱ्याला विचारायची सोय नसते.

मूळ कल्पना आपण घेतली इंग्लंडकडून. गंमत अशी की लंडनला वर्षाकाठी साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पुण्याला ७००च्या वर. म्हणजे लॉनच्या माहेरी आपल्यापेक्षा पाऊस कमी. पण तो बारा महिन्यांत विभागून पडतो, ऊन कोवळं असतं, बाष्पीभवन कमी. आपला बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, उरलेले आठ महिने आभाळ जवळजवळ कोरडं. तिकडचं राय गवत किंवा फेस्क्यू थंडीतलं गवत आहे. त्याचं बी आपल्याकडेही ऑनलाइन मिळतं, पाकिटावर चित्र झकास असतं, डिसेंबरात ते उगवतंही छान. मार्चअखेर त्याचा चिवडा होतो. दख्खनवर घरगुती लॉनसाठी त्याचा विचारच करू नये.

आता पाण्याचा हिशेब करू. तो एकदा नीट केला की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप ठरतात. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. मे महिन्यात पठारावर हवा दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी ओढून घेण्याच्या ताकदीची असते. उष्ण हवामानातलं गवत हिरवंगार ठेवायचं तर त्याला या ओढीच्या साठ टक्क्यांच्या आसपास पाणी द्यावं लागतं, म्हणजे रोज सुमारे चार मिलिमीटर. घरापुढचा ५०० चौरस फुटांचा तुकडा म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. गुणाकार केला की उत्तर येतं रोजचे जवळजवळ दोनशे लिटर. महिन्याचे सहा हजार. शहरात माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी मापदंड आहे. म्हणजे पाचशे फुटांचं लॉन घरात दीड माणूस जादा आणतं, तेही ऐन टंचाईत, आणि हा दीड माणूस गावाला वगैरे जात नाही.

प्रत्यक्षात तर याहून बरंच जास्त पाणी जातं. तुमच्या बागेतल्या पाइपाखाली बादली लावून बघा. पंधरा लिटरची बादली मिनिटा-सव्वा मिनिटात भरत असेल, तर तासाभरात सातशे ते नऊशे लिटर पाणी जातं. चार दिवसांचं पाणी एका तासात! त्यातलं बरंचसं फरशीवरून गटारात. यात माळ्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. तो आठवड्यातून दोनदा तासभर येतो. मालकीणबाई गॅलरीतून बघतात तेव्हा त्याच्या हातात पाइप दिसला तरच काम चाललंय असं वाटतं. जमीन ओली आहे म्हणून आज पाणी देत नाही, असं सांगणाऱ्या माळ्याचे पैसे कापले जाण्याचीच शक्यता जास्त.

गवत दुष्काळाला तोंड देतं ते साधारण तीन प्रकारांनी. मुळं खोल घालून ओल शोधणं, पानं बारीक आणि अरुंद ठेवून पाण्याचा खर्च कमी करणं, आणि अगदीच काही उरलं नाही की वरचा पसारा वाळू देऊन जमिनीखाली झोपी जाणं. हरळीला तिन्ही येतात. पोषक जमिनीत तिची मुळं एक मीटरच्याही खाली जातात. जमिनीवरून तिचे धावते कोंब पसरतात आणि जमिनीखालून गाठीगाठींचे पांढरे कंदासारखे कोंब चालतात. संकटाच्या वेळी जीव या खालच्या कोंबांत राहतो. शिवाय ऊस, ज्वारी, मका यांच्यासारखी ती ‘सी-फोर’ गटातली आहे, म्हणजे तेवढीच वाढ करायला तिला इंग्रजी गवतापेक्षा खूपच कमी पाणी पुरतं. (उसाचं नाव या यादीत वाचून भुवया वर जातील. ऊस पाणी पितो तो त्याच्या वर्ष-दीड वर्षाच्या मुक्कामामुळे आणि आकारामुळे. पण तो विषय काढला तर हा लेख बागेत राहणार नाही.)

हरळीची सुधारलेली भावंडं आली ती अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावच्या संशोधन केंद्रातून. ग्लेन बर्टन या पैदासकाराने साध्या हरळीच्या आणि आफ्रिकेतल्या एका नाजूक पानाच्या सायनोडॉनच्या संकरांतून १९५६ साली ‘टिफग्रीन’, १९६० साली ‘टिफवे’ या जाती दिल्या. जगभरातली गोल्फची मैदानं आणि स्टेडियम त्यांनी व्यापली. आई-बापाच्या गुणसूत्रांची संख्या जुळत नसल्याने हे संकर वांझ असतात, त्यांना बी धरत नाही. लावायचे तर ठोंब नाहीतर तयार गवताचा गालिचाच. याच बर्टनने बाजरीवरही काम केलं. त्याच्या ‘टिफ्ट २३ए’ या वाणावरून लुधियानात १९६५ साली ‘एचबी-१’ ही भारताची पहिली संकरित बाजरी तयार झाली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या भाकरीत आणि क्लबातल्या लॉनमध्ये एकाच माणसाचा हात असावा, हे मला फार आवडतं.

नर्सरीत मात्र बर्टन कोणाला ठाऊक नसतो. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपास नर्सऱ्यांची रांग आहे. तिथे गाडी थांबवली की पहिला प्रश्न येतो, ‘सिलेक्शन पाहिजे का कोरियन?’ यातलं ‘सिलेक्शन वन’ हे हरळीच्याच गोतातलं, बारीक पानाचं, जलद भरणारं. ‘कोरियन’ आणि कधी कधी ‘मेक्सिकन’ म्हणून जे देतात ते बहुधा झॉयसिया. त्यापलीकडे ‘अमेरिकन’, ‘बफेलो’, ‘कार्पेट’ अशी नावं असतात, आणि एका नर्सरीतलं बफेलो दुसऱ्या नर्सरीतल्या बफेलोला ओळखत नाही. म्हणून नावावर जाऊ नये, गवत हातात घ्यावं. एक कोंब मुळासकट उपटून बघा. जमिनीखालचा पांढरा कोंब आणि वरचा हिरवा धावरा, दोन्ही असतील, पान मऊ आणि करडट हिरवं असेल आणि पान देठाला जिथे मिळतं तिथे बारीक पांढऱ्या केसांची झालर दिसत असेल, तर ती हरळी. झॉयसियाचं पान ताठ असतं, तळव्याला टोचतं. जुनं झालं की त्याचे उंचवटे तयार होतात आणि जमीन उशा मांडल्यासारखी दिसू लागते.

झॉयसिया वाईट नाही. ते दाट असतं, सावकाश वाढतं, त्यामुळे कापणी कमी, तणाला शिरायला जागा कमी, आणि थोडी सावली ते हरळीपेक्षा चांगली सोसतं. पण सावकाश म्हणजे फारच सावकाश. ठोंब लावले तर जमीन झाकायला वर्ष लागू शकतं, आणि त्या वर्षभर पाणी आणि खुरपणी दोन्ही तुमच्या माथी. शिवाय मुलांनी क्रिकेट खेळून एक टक्कल पाडलं की ते भरून यायला पुढचा पावसाळा उजाडतो. हरळी तेच पंधरा-वीस दिवसांत भरून काढते. ज्यांच्या घरी मुलं, कुत्रा किंवा पाहुण्यांचा राबता आहे त्यांनी हरळीच घ्यावी, असं माझं मत. दोघांचंच घर असेल, कापणीचा कंटाळा असेल आणि धीर असेल, तर झॉयसिया.

हरळीच्या खोडी दोनच, पण दोन्ही मोठ्या. पहिली, तिला ऊन लागतं, दिवसाचे किमान सहा तास थेट. आंब्याखाली, उंच कंपाउंडच्या उत्तरेला, दोन इमारतींच्या बोळात ती विरळ होत जाते आणि मरते. तिथे कितीही पाणी ओतलं तरी उपयोग नाही, कारण कमी पडतं ते ऊन. माणसं मात्र पाणीच वाढवतात, मग शेवाळ येतं, मग पुन्हा गालिचा आणतात. अशा जागी गवताचा नाद सोडून द्यावा. सावलीत पालापाचोळ्याचं आच्छादन, नेचे, हळद-आंबेहळद, किंवा नुसती शहाबादी फरशी आणि दोन खुर्च्या बऱ्या. अर्धवट उन्हाच्या, पायदळी कमी येणाऱ्या जागेत जलपिंपळी चालते. ओलसर बांधावर, कॅनॉलच्या कडेला आपोआप पसरणारी ही आपलीच वेल जमीन झाकते, बारीक पांढरट-जांभळी फुलं देते, फुलपाखरं आणते. मधमाश्याही आणते, तेव्हा अनवाणी खेळणारी पोरं असतील तर विचार करावा. पिवळ्या फुलांचं वेडेलिया मात्र कोणी फुकट दिलं तरी घेऊ नये; ते बागेबाहेर पडून ओढ्याकाठचं सगळं दाबून टाकतं.

दुसरी खोड तिच्या चिवटपणाचीच. गुलाबाच्या वाफ्यात, फरशीच्या फटीत, शेजाऱ्याच्या भाजीत ती जाते. लॉनच्या कडेने सहा-आठ इंच खोल विटा उभ्या बसवल्या तर काही अंशी अडते, आणि महिन्यातून एकदा कड कापावीच लागते. हे काम करायचं नसेल तर हरळी लावू नये. शेताला लागून फार्महाऊस असेल तर बी धरणारी साधी हरळी नकोच; वांझ संकर किंवा ‘सिलेक्शन’चे ठोंब लावा. पलीकडे कोणीतरी तीच हरळी मजुरी देऊन खणून काढतंय, एवढं ध्यानात असू द्यावं.

कोकण आणि गोव्याचा प्रश्न वेगळा आहे. तिथे पावसाला तोटा नाही, पण जांभ्यात पाणी थांबत नाही आणि किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. अशा खाऱ्या पाण्यावर टिकणारं गवत म्हणजे पास्पॅलम, समुद्रकाठचंच. हरळीही मीठ बऱ्यापैकी सोसते, पण पास्पॅलम तिच्या पुढे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर किंवा आरओतून वाया जाणाऱ्या पाण्यावर लॉन जगवणाऱ्या पठारावरच्या माणसांनीही हे नाव लक्षात ठेवावं. धुण्याच्या पाण्याबद्दल मात्र सावध. डिटर्जंटमधल्या सोडियमने काळी माती चिकट आणि दगडासारखी होते. गवत तग धरेल, जमीन धरणार नाही. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी चांगलं. सोसायटीचा सांडपाणी प्रकल्प खरोखर चालू असेल तर त्याचं पाणी लॉनला उत्तम; ‘खरोखर’ हा शब्द मी मुद्दाम घातला आहे.

गवत निवडणं दहा मिनिटांचं काम आहे. ते रुजवण्यातच खरा कस लागतो, आणि पुढची दहा वर्षं लॉन किती पाणी पिणार हे त्या दोन-तीन महिन्यांत ठरतं.

पहिलं काम माती. नव्या घरापुढची जमीन ही जमीन नसतेच. वीत-दीड वीत खणलं की विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, फुटक्या टाइल लागतात. बांधकामवाला हा राडारोडा सपाट करून वर दोन इंच लाल माती पसरतो आणि जातो. त्या दोन इंचांत मुळं किती खोल जाणार? दुष्काळ सोसणारी जात आणून दोन इंच मातीत लावली, तर ती कोवळ्या रोपाइतकीच परावलंबी राहते. एप्रिल-मे महिन्यात जमीन नऊ इंच ते फूटभर खणून काढावी, राडारोडा उचलावा, ढेकळं उन्हात तापू द्यावीत. काळी भारी माती असेल तर तिच्यात मुरूम आणि कुजलेलं शेणखत चांगलं मिसळावं. काळ्या मातीवर नुसता वाळूचा थर देण्याची जी पद्धत आहे ती चुकीची. वरचा थर कोरडा, खालचा चिकट, आणि मुळं दोन्हींच्या मध्ये अडकतात. नदीची वाळू तर नकोच. वाळूउपशाने नद्यांचं जे झालंय त्यात आपल्या लॉनची भर कशाला?

शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. अर्धवट कुजलेल्या शेणातून हुमणी येते. पहिल्या वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर जे तपकिरी भुंगेरे बसलेले दिसतात त्यांच्या या अळ्या. ऊस उत्पादकांना त्या चांगल्याच परिचयाच्या आहेत. गवताची मुळं त्या खालून कुरतडतात, आणि सप्टेंबरात लॉन गालिचासारखं हाताने उचलून येतं. मालक म्हणतो पाणी कमी पडलं, आणि पाइप सोडतो.

मग लव्हाळा. जमीन तयार झाली की लगेच लावणी करायची घाई असते, तिथेच फसगत होते. आधी पाणी देऊन, किंवा वळवाच्या पावसावर, तण उगवू द्यावं आणि गाठीसकट खणून काढावं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच. लव्हाळ्याच्या गाठी एकीखाली एक माळेसारख्या जोडलेल्या असतात. वरचं पातं ओढून उपयोग होत नाही, त्याने खालच्या गाठी उलट जाग्या होतात. हे दोन हप्ते वाचवणारा माणूस पुढे कायमचा खुरपं घेऊन बसलेला असतो.

उतार घरापासून बाहेर, शंभर फुटांना फूटभर पुरतो. गवंड्याच्या लेव्हलच्या नळीने काढून घ्यावा. खड्डा राहिला तर पावसाळ्यात तिथे डबकं आणि उन्हाळ्यात टक्कल.

लावणीच्या पद्धती तीन. गालिचा अंथरणं सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत लोकप्रिय, कारण सकाळी माती असते आणि संध्याकाळी हिरवळ. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी गालिचा टाकणारी घरं मी कमी पाहिलेली नाहीत. गालिचा घ्यायचाच तर तो उलटा करून बघावा. मुळं पांढरी आहेत का, त्यांच्यात लव्हाळ्याच्या काळ्या गाठी आहेत का, चिकटून आलेली माती आपल्या मातीपेक्षा फारच वेगळी आहे का? ट्रकमध्ये थप्पी लावलेले तुकडे आतून तापतात, तेव्हा आल्या दिवशीच अंथरावेत, आणि खाली माती पोकळ आणि ओली हवी. पुढचे दोन आठवडे कोपरा उचलून बघत राहावं. मुळं खाली धरू लागली की कोपरा उचलत नाही.

दुसरी पद्धत लिंपणाची. गवताचे दोन-तीन इंचांचे तुकडे ताज्या शेणात आणि चाळलेल्या मातीत कालवून तो काला ओल्या जमिनीवर पातळ थापायचा, वर मातीचा हलका थर. मोठ्या जागेला स्वस्त पडतं. पण त्याला पुढचे काही दिवस सतत ओल लागते, म्हणून पावसाळ्यातच.

तिसरी, आणि माझ्या मते घरासाठी सर्वांत चांगली, ठोंब टोचण्याची. दोन-तीन पेरांचे तुकडे, चार-चार इंचांवर, एक टोक मातीत आणि एक बाहेर, पायाने दाबून. पाचशे फूट जागा दोन माणसं दिवसभरात लावतात. हरळी अशी लावली की सहा ते दहा आठवड्यांत जमीन झाकते. पैसे गालिच्याच्या मानाने फारच थोडे लागतात, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक ठोंब आपल्याच मातीत मूळ धरतो. नर्सरीच्या मातीची मधली चकती राहत नाही.

वेळ मात्र एकच, पाऊस बसल्यानंतरची. जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलै, फार तर ऑगस्टचा पहिला आठवडा. नव्या गवताला सुरुवातीला रोज थोडं-थोडं पाणी लागतंच, ते आभाळाकडून फुकट मिळतं. मुळांना खाली जायला चार महिने मिळतात. फेब्रुवारीत लावलेल्या लॉनला हेच दिवस उन्हात आणि टँकरवर काढावे लागतात.

रुजल्यावरची शिस्त अगदी उलट. पहिले दोन-तीन आठवडे वारंवार आणि थोडं, त्यानंतर मुद्दाम अंतर वाढवत न्यायचं: दोन दिवसांनी, चार दिवसांनी, आठवड्याने, आणि प्रत्येक वेळी पाणी वीतभर खाली मुरेल इतकं. लांब स्क्रू-ड्रायव्हर मातीत खुपसून बघितलं की कळतं. ओली माती त्याला आत घेते, कोरडी अडवते. रोज संध्याकाळी पाइपाने शिंपडलं तर ओल वरच्या दोन इंचांत राहते आणि मुळंही तिथेच बसतात. खाली जायला त्यांना कारणच नाही. अशा लाडावलेल्या हरळीला मग मे महिन्यात दोन दिवस पाणी चुकलं तरी चालत नाही, आणि लोक म्हणतात ही जात काही दुष्काळ सोसणारी नव्हे. पाण्याची गरज ओळखायची खूण साधी आहे: गवतावरून चालत जा आणि मागे वळून बघा. पावलांचे ठसे तसेच राहिले, पानं मिटून निळसर-करडी दिसू लागली, तर पाणी द्या. ठसे पुसले गेले असतील तर पाइप गुंडाळून ठेवा.

कापणीतही पाणी दडलेलं आहे. एका वेळी उंचीचा एक तृतीयांश भागच कापावा. उन्हाळ्यात उंची दोन इंचांपर्यंत वाढवावी. वर पान जास्त तर खाली मूळ जास्त, आणि माती सावलीत राहते. कापलेलं बारीक गवत तिथेच पडू दिलं तर नत्राच्या गरजेचा चौथा हिस्सा त्यातूनच भागू शकतो. युरियाच्या मुठी मार्चमध्ये उधळणं हा तर पाण्याचं बिल वाढवण्याचा खात्रीचा उपाय आहे: गवत लुसलुशीत होतं, भराभर वाढतं आणि तेवढंच पाणी मागतं.

इतकं सगळं करूनही एप्रिल उजाडतो. आता मालकाची परीक्षा. हरळीला आणि झॉयसियाला पाणी तोडलं तर ती पिवळी पडतात, मग तपकिरी. मरत नाहीत. ओढून बघा, धावरे जमिनीला घट्ट धरून असतील आणि बुडाशी पांढरटपणा असेल तर जीव आहे. झोपलेल्या गवताला तीन-चार आठवड्यांतून एकदा बारा मिलिमीटर पाणी दिलं की बूड जिवंत राहतं. पाचशे फुटांना हे होतात साडेपाचशे लिटर. रोजच्या हिरवळीला महिन्याचे सहा हजार, झोपेला साडेपाचशे. जून आला की पंधरा दिवसांत तेच गवत पुन्हा हिरवं. दुष्काळ सोसणारं गवत म्हणजे उन्हाळ्यातही हिरवं राहणारं गवत, अशी समजूत करून घेऊन लोक नर्सरीत जातात आणि नर्सरीवालाही ती मोडत नाही. असं गवत नसतं. सोसणं म्हणजे वाळून परत येणं.

याची लाज का वाटावी, मला समजत नाही. बारामतीकडे सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकाऱ्यांचं. तिथलं माळरान डिसेंबरातच पिवळं होतं, मार्चमध्ये सोनेरी-तपकिरी, आणि लोक कॅमेरे घेऊन ते बघायला पहाटे गाडी काढून जातात. घरी आल्यावर तोच रंग अंगणात दिसला की माळ्याला फोन.

पाण्याच्या टंचाईत लॉनचं काय होतं हे बघायला अमेरिकेच्या पश्चिमेकडे बघावं. तिथल्या कॅलिफोर्नियात २०१५च्या दुष्काळात गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी शहरांचा पाणीवापर २५ टक्क्यांनी कमी करायचा हुकूम काढला आणि लॉन उपटणाऱ्यांना पाणीपुरवठा संस्था पैसेही देत होत्या.  नेवाडात २०२१ साली तर कायदाच झाला: लास वेगास परिसरातलं, कोणाच्याही पायाखाली न येणारं, नुसतं शोभेचं गवत २०२६ अखेरपर्यंत काढून टाकायचं. वैयक्तिक घरांना त्यातून वगळलं आहे. ‘पायाखाली येतं का?’ ही त्यांची कसोटी मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे कंपन्यांच्या फाटकांपुढे, दुभाजकांवर, ‘गवतावर चालू नये’ अशा पाट्यांमागे जे हिरवं आहे, त्यातलं बहुतेक या कसोटीवर नापास होईल. प्लास्टिकचं लॉन हे मात्र त्याला उत्तर नाही. मे महिन्याच्या दुपारी ते भाजेल इतकं तापतं, आणि काही वर्षांनी कचऱ्यात जातं.

घराला हीच कसोटी लावली तर पाचशे फुटांतले दीडशे-दोनशे फूटच खऱ्या वापरात असतात: खुर्च्या टाकायची जागा, पोरांच्या खेळण्याचा पट्टा. तेवढ्यावर हरळी लावावी. उरलेल्या जागेत कढीपत्ता, शेवगा, लिंबू, जास्वंद, आच्छादन, मुरमाची वाट. दोनशे फुटांचं लॉन भर मे महिन्यात हिरवं ठेवलं तरी रोजचे ऐंशी लिटर. आणि झोपू दिलं तर महिन्याला सव्वादोनशे.

थंडीची चाहूल लागली की नर्सऱ्यांत गालिच्यांचा हंगाम जोरात असतो. दिवाळीच्या आसपास लॉन टाकू नका. रात्रीचं तापमान उतरू लागलं की हरळीची वाढ मंदावते, आणि ती हलू लागते तोवर उन्हाळा दारात असतो. तेव्हा एवढंच करा: अंगणात कुठे किती तास ऊन पडतं ते एका सुट्टीच्या दिवशी सकाळपासून लिहून ठेवा, पाइपाखाली बादली लावून मिनिटाचं पाणी मोजा, आणि नऊ इंच खणून खाली काय निघतं ते पाहा. ठोंब जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात लावा, पाऊस नीट बसल्यावर.